मत दिले, हिशेब कोण मागणार?

(जिल्हा बैठकीतील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवून मजकूर छापला आहे.)



कापसाची गाडी भरून तुम्ही काट्यावर नेता तेव्हा काय करता ते आधी आठवा. एक भाऊ गाडीपाशी असतो, दुसरा काट्याच्या आकड्यावर डोळा लावून उभा असतो, पोरगा कागदावर भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन मांडत असतो. व्यापारी 'ओल आहे' म्हणाला की आपण कापसाची मूठ त्याच्या नाकासमोर धरतो. क्विंटलमागे किलोभर कट्टी धरली तर तंटा होतो. हिशेबपट्टी हातात पडली की हमाली किती लावली, तोलाई किती लावली हे दोनदा पाहतो. स्वतःला वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घेतो, पण वाचल्याशिवाय घरी येत नाही.

ज्वारीच्या खळ्यावरही तेच. शेत बटईने दिले असले तर रास मापायच्या दिवशी मालक खळ्यावर हजर असतो, मग बटईदार सख्खा चुलतभाऊ का असेना. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. माप दोघांच्या डोळ्यांदेखत झाले म्हणजे पुढे वर्षभर दोघांना एकमेकांशी सरळ बोलता येते, एवढाच त्याचा अर्थ.

आता मला सांगा, मागच्या पाच वर्षांत तुमच्या गावात नाला खोलीकरण, रस्ता, शाळेची दुरुस्ती, पाणीपुरवठा असे मिळून किती लाख रुपये आले? ज्यांना आकडा माहीत आहे त्यांनी हात वर करा.

एवढ्या मोठ्या मंडपात चार हात वर आले. त्यातले दोन सरपंचांचे आहेत, त्यांना माहीत असणारच.

म्हणजे किलोभर कट्टीसाठी भांडणारे आपण, गावाच्या नावाने आलेली लाखांची गाडी कोणत्या काट्यावर रिकामी झाली हे विचारत नाही. आज मला एवढ्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. मत देणे म्हणजे शेत बटईने देणे. रास मापताना खळ्यावर उभे राहणे हे वेगळे काम आहे, आणि ते आपण सोडून दिले आहे.

त्यांचाही उत्पादन खर्च असतो

आपण वर्षानुवर्षे एक मागणी करत आलो की शेतमालाला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळाला पाहिजे. आपल्याला तो भाव मिळाला नाही, पण निवडणुकीत उभे राहणाऱ्यांनी हे शास्त्र बरोबर उचलले. त्यांचे पीक कधी तोट्यात जात नाही.

जानेवारी २०२१ मधली गोष्ट आहे. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी, या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण तिथे सरपंचपदाचा लिलाव झाला होता. उमराणे हे कांद्याच्या बाजाराचे गाव. तिथे कांद्याचा लिलाव रोज होतो. त्याच रीतीने देवळाच्या नावाने पदाचा लिलाव झाला आणि बोली दोन कोटींच्या वर गेल्याचे छापून आले. लोक म्हणाले, पैसा देवाला चालला आहे, त्यात वाईट काय? मी म्हणतो, बोली बोलणारा माणूस काही वेडा नाही. एवढा पैसा घालून जो पद घेतो त्याने मनाशी उत्पन्नाचा अंदाज बांधलेला असतो. आपण बी-बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च मांडतो आणि कापसातून तो निघेल अशी आशा धरतो. त्याने बोली मांडली, त्याचे पीक म्हणजे आपला नाला, आपली विहीर, आपल्या पोरांची शाळा. तो वेचणीला येणारच. फरदडसुद्धा घेणार.

आणि त्या दोन गावांना आपण का हसावे? त्यांनी चारचौघांत बोली लावली, बाकी ठिकाणी ती रात्री पाकिटातून लागते. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत त्याला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तुमच्या तालुक्यात एका निवडणुकीत गाड्या किती फिरल्या, जेवणावळी किती उठल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दिलेला हिशेब त्याच्याशी जुळतो का हे पाहायला कोणी गेला आहे का? मीही गेलो नव्हतो.

राजस्थानातल्या मजुरांनी काय केले

हा रोग औषधाशिवायचा नाही. औषध कुठे शोधले गेले ते सांगतो. दिल्ली-मुंबईच्या विद्वानांनी ते शोधले नाही. राजस्थानच्या राजसमंद, पाली, अजमेर या भागात, आपल्यापेक्षाही कमी पावसाच्या मुलखात, दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या बायाबापड्यांनी ते शोधले.

रोजगार हमी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच ती देशाला दाखवली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. मस्टर हा शब्द आपल्या आयांना तोंडपाठ आहे. राजस्थानातल्या त्या कामांवर मजुरांना ठरल्यापेक्षा कमी मजुरी हाती पडत असे. विचारले की सांगत, मापात तुमचे काम कमी भरले. तर मजूर म्हणाले, मस्टर दाखवा, मोजमापाचे पुस्तक दाखवा. उत्तर मिळाले की ती सरकारी गुप्त कागदपत्रे आहेत. इंग्रजांनी १९२३ साली गुपितांचा कायदा केला तो शत्रूच्या हेरांसाठी. तो आता गिट्टी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीला लागू झाला होता.

देवडूंगरी नावाच्या लहानशा गावात काही माणसे येऊन राहिली होती. भारतीय प्रशासन सेवेतली नोकरी सोडून आलेल्या अरुणा रॉय, त्यांच्याबरोबर निखिल डे आणि शंकर सिंह. १ मे १९९० रोजी भीम इथे मजूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. मजुरीच्या भांडणातून त्यांच्या लक्षात आले की कागद हातात आल्याशिवाय मजुरी मिळणार नाही. मग एका अधिकाऱ्याची विनवणी कर, दुसऱ्या कचेरीतून नकलून आण, असे करून त्यांनी काही कागद मिळवले.

आणि मग त्यांनी जे केले ते नीट ऐका. कागद मिळाल्यावर ते कोर्टात गेले नाहीत, वर्तमानपत्रातही गेले नाहीत. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात त्यांनी मांडव घातला, गाव गोळा केले आणि मस्टर मोठ्याने वाचले. याला त्यांनी जनसुनवाई असे नाव दिले. अमुक अमुक, इतके दिवस हजर, इतकी मजुरी दिली. नाव वाचले की तो माणूस उठून सांगे, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. कोणाचे नाव वाचले की लोक म्हणत, त्याला मरून इतकी वर्षे झाली. कागदावर पुरे झालेले बांधकाम लोकांच्या समोर अर्धवट उभे होते. त्या दिवशी कोणाला कायदा समजावून सांगावा लागला नाही. प्रत्येकाला आपले नाव ठाऊक होते आणि आपण कुठे होतो ते ठाऊक होते, एवढ्यावर सगळे उघडे पडले.

पुढच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा, ठाणा अशा गावी सुनवाया झाल्या. ग्रामसेवकांनी विरोध केला, कागद देणार नाही म्हणाले. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की पंचायतीच्या कामांचे कागद लोकांना मिळतील. सांगितले, पण हुकूम काही निघाला नाही. वर्षभर वाट पाहून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात मजुरांनी धरणे धरले. लोकसभेच्या निवडणुकीचा हंगाम होता. पुढारी आश्वासने वाटत फिरत होते, आणि चौकात बसलेले हे लोक म्हणत होते, आम्हाला आश्वासन नको, झेरॉक्स द्या. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. चाळीस दिवस ते बसले. खेड्यातून धान्य आले, शहरातल्या लोकांनी भाजीपाला दिला. १९९७ साली जयपूरला पुन्हा ५३ दिवसांचे धरणे झाले, तेव्हा कुठे पंचायतीच्या कागदांच्या नकला मिळण्याचा हुकूम लोकांना पाहायला मिळाला. १९९८ च्या सुनवायांत काही सरपंचांनी गावासमोर चूक कबूल करून पैसे परत केले.

तिथून ही गोष्ट देशभर गेली. राजस्थानात २००० साली कायदा झाला. महाराष्ट्रात पहिला कायदा कमजोर होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर नवा आला, आणि त्यावर राष्ट्रपतींची सही व्हावी म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर त्यांना उपोषणाला बसावे लागले. १२ ऑक्टोबर २००५ पासून सगळ्या देशाला माहितीचा अधिकार लागू झाला. दहा रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत आली ती अशी, दगड फोडणाऱ्यांनी मागितली म्हणून.

उमेदवाराचा सात-बारा

दुसरी गोष्ट निवडणुकीची. जमीन घ्यायची तर आपण आधी सात-बारा काढतो, बोजा आहे का पाहतो. जावई करायचा तर चार गावांत चौकशी करतो. पण आमदार-खासदार निवडताना त्याच्यावर खटले कोणते आणि त्याची मालमत्ता किती हे कळायची सोयच नव्हती.

१९९९ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतले काही प्राध्यापक एकत्र आले. त्रिलोचन शास्त्री आणि जगदीप छोकर त्यांत होते. त्यांनी एक संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला की उमेदवाराने आपली माहिती मतदाराला दिलीच पाहिजे. २ नोव्हेंबर २००० रोजी न्यायालयाने ते मान्य केले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही २ मे २००२ रोजी मतदाराच्या बाजूने निकाल लागला.

मग काय झाले? एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सगळे पक्ष जुलै २००२ मध्ये एका खोलीत बसले आणि त्यांचे एकमत झाले. कापसाच्या भावावर त्यांचे असे एकमत मी कधी पाहिले नाही. वटहुकूम निघाला, कायद्यात दुरुस्ती झाली, की न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त माहिती द्यायला उमेदवार बांधील नाही. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला खटले, स्वतःची आणि घरच्यांची मालमत्ता, सरकारचे आणि बँकांचे देणे, शिक्षण, हे शपथेवर लिहून द्यावे लागते.

त्याच संस्थेने पुढे निवडणूक रोख्यांना आव्हान दिले. २०१८ पासून कंपन्या स्टेट बँकेतून रोखे घेऊन पक्षांना देत, आणि कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने यादी द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक आटोपल्यानंतर. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्येच याद्या बाहेर आल्या.

आता तुम्ही विचाराल, शपथपत्रे आली म्हणून गुन्हे असलेली माणसे निवडून यायची थांबली का? नाही थांबली. हे मी लपवणार नाही. शपथपत्र कचेरीच्या फलकावर लागते, आपण ते वाचत नाही. वाचले तरी शेवटी जात पाहतो, नाते पाहतो, पाकीट पाहतो. कागद आपल्या वतीने मत द्यायला जात नाही. काटा बसवून मिळाला, पण आकडा वाचायला आपल्यालाच उभे राहावे लागते.

माझी स्वतःची सही

आपण का उभे राहत नाही? लोक म्हणतात, शेतकरी अडाणी आहे. हे खोटे आहे. कापसाचा हिशेब करणारा माणूस अडाणी नसतो. खरे कारण मी माझ्यावरून सांगतो.

वीस वर्षांपूर्वी मी माझ्या गावच्या ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. माझ्या शेताच्या धुऱ्याला लागून नाला आहे. त्याच्यावर दोन सिमेंटचे बंधारे झाल्याचे बिल निघाले. नाल्यावर बंधारा होता एक. मी रोज तिथून बैल पाण्यावर नेत होतो, मला दिसत नव्हते असे नाही. मासिक सभेत प्रोसिडिंगचे पुस्तक फिरत माझ्यासमोर आले आणि मी सही केली. वाचले नाही. कारण त्याच महिन्यात विहिरीच्या यादीत माझे नाव होते. कोणी मला धमकी दिली नाही, पैसे दिले नाहीत. फक्त 'दादा, तुमचे नाव यादीत वर घेतले आहे' एवढे म्हणाले. मी मिंधा झालो.

दोन-तीन वर्षांनी गावातल्या एका शिकलेल्या पोराने दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज केला. मोजमापाच्या पुस्तकाची, बिलाची, ठरावाची नक्कल काढली. तो आधी माझ्याकडे आला. म्हणाला, 'काका, ठरावाखाली तुमची सही आहे. गावसभेत वाचणार आहे. तुम्हाला आधी सांगावे म्हणून आलो.' रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी माझा साळा आला आणि म्हणाला, पोराला गप्प बसवा, घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला?

गावसभेत कागद वाचला गेला. माझे नाव आले तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, सही माझी आहे, न वाचता केली आहे, आणि माझ्या विहिरीसाठी केली आहे. त्यानंतर पंचवीस-तीस माणसे टेप घेऊन नाल्यावर गेली. बंधारा एकच निघाला.

पुढे फार मोठे काही घडले नाही. चौकशी झाली, वसुलीची नोटीस निघाली, सगळी रक्कम काही वसूल झाली नाही. दुसरा बंधारा अजून झालेला नाही. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. साळा चार वर्षे घरी आला नाही. पण तेव्हापासून माझ्या गावात कामाचे बिल निघण्याआधी गावसभेत वाचले जाते. आता ते वाचायला कोणाला धैर्य लागत नाही, तशी रीतच पडून गेली आहे.

हे सांगितले ते यासाठी की आपले तोंड अज्ञानाने बंद नाही. ते लहान लहान उपकारांनी बंद केलेले आहे. घरकुलाच्या यादीत नाव, ठिबकच्या अनुदानाची फाईल, पोराची रोजंदारी. तुम्ही उठून बोललात तर पहिल्यांदा तुमचाच कागद वाचला जाईल ही भीती आहे. मी म्हणतो, वाचू द्या. एकदा वाचला गेला की मग तुम्ही मोकळे.

एकट्याने मागू नका

ज्याने एकट्याने मागितले त्याचे काय होते तेही पाहिले पाहिजे. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारांची माहिती ते काढत होते. असे प्रसंग देशात आणखीही झाले. म्हणून माझे सांगणे आहे, एका नावाने अर्ज करू नका. पाच जणांनी पाच अर्ज करा, त्यात दोन बाया असू द्या, वेगवेगळ्या आळीतल्या असू द्या. कागद आल्या दिवशी तो गावासमोर वाचा. कागद एकाच्याच घरात पडून राहिला तर एक तर त्याचा जीव धोक्यात येतो, नाही तर तो विकाऊ होतो. अर्ज करायचा, कागद मिळवायचा आणि ठेकेदाराकडून पैसे घेऊन गप्प बसायचे, असा धंदा करणारेही आपल्या भागात झाले आहेत. त्यांनी या कायद्याला बदनाम केले. दोन्हींवर इलाज एकच, चावडीवर मोठ्याने वाचणे.

आणि घाई करा, कारण हा कायदा बोथट करण्याचे काम चालू आहे. माहिती आयोगात जागा रिकाम्या राहतात. २०२३ साली एकट्या महाराष्ट्रात तुंबलेल्या अपिलांचा आणि तक्रारींचा आकडा एक लाखाच्या वर होता. न्यायला उशीर लावला की मागणारा थकतो, हे चुकाऱ्याच्या खेपा घातलेल्या माणसाला सांगायला नको. त्यात भर म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली झाला, त्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो अमलात आला. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणणे पुरते. कोट किरानाला मजुरांची नावे वाचली म्हणून चोरी सापडली. उद्या नावे झाकून मस्टर हातात दिले तर त्यात मेलेला कोण आणि जिता कोण, हे कसे ओळखायचे? सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते हे पोटकलम अजून शिल्लक आहे. अर्जात त्याचा उल्लेख करायला विसरू नका.

तीन कागद

या बैठकीतून जाताना प्रत्येक गावाने तीन कागदांचे काम घेऊन जावे.

पहिला कागद ग्रामपंचायतीचा. गेल्या वर्षी झालेल्या एका कामाचे, एकाच कामाचे, अंदाजपत्रक, मोजमापाचे पुस्तक आणि बिल. कायद्याने कामाची जागेवर पाहणी करता येते, साहित्याचा नमुनाही मागता येतो. कागद घेऊन, टेप घेऊन, सगळ्यांनी जागेवर जायचे. आणि गावसभेला बसायचे. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही आणि पाच माणसांत सगळे ठराव पास होतात, ही युक्ती आपल्या गैरहजेरीवरच चालते.

दुसरा कागद पीक कापणी प्रयोगाचा. २०२५ च्या खरिपापासून आपल्याकडे पीक विम्याची भरपाई कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे आपल्या महसूल मंडळात ज्या थोड्या प्लॉटांवर काटा लागतो, त्यावर सगळ्या मंडळाच्या कापसाची आणि ज्वारीची भरपाई अवलंबून आहे. कोणते गट क्रमांक निवडले, कापणी कोणत्या तारखेला, वजन किती, पंच कोण, हे आधी विचारा आणि त्या दिवशी वावरात हजर राहा. आपल्या कापसाच्या काट्यावर जसे उभे राहता तसे. पैसेवारी घरी बसून लिहिली म्हणून आपण आयुष्यभर ओरडलो, पण लिहिताना तिथे आपण नव्हतो.

तिसरा कागद उमेदवाराचा. जी निवडणूक येईल तिच्यात प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र काढा आणि मतदानाच्या आधी पारावर वाचा. सगळ्यांचे वाचा, आपल्या माणसाचे आधी वाचा. एकाचेच वाचले तर तो प्रचार होतो. वाचून झाल्यावर कोणाला मत द्या हे सांगू नका. बचत गटाच्या बायांना हे काम द्या असे मी सुचवीन. दर महिन्याला दहा जणींसमोर पै-पैचा हिशेब वाचायची सवय त्यांना आहे, आपल्याला नाही.

शेवटी एक गोष्ट. हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब आधी दिला पाहिजे. या बैठकीसाठी गावागावांतून जमलेली वर्गणी, मांडवाचे भाडे, जेवणाची ज्वारी आणि डाळ, लाऊडस्पीकर, यांचा जमाखर्च मांडवाच्या दारावर चिकटवला आहे. येताना कितीजणांनी वाचला ते मला माहीत नाही. मी इथे उभा राहून पाहत होतो, फार थोडे थांबले. जाताना थांबा. भाषण करणाऱ्याला म्हणजे मला प्रवासाचे किती दिले तेही त्यात आहे. जास्त वाटले तर इथेच विचारा. मी जेवायला थांबणार आहे.